पाच गोळ्या, एक भोक

नेमबाजी म्हणजे काळ्या ठिपक्याच्या बरोबर मध्ये गोळी मारणं, अशी आपली सगळ्यांची भाबडी समजूत असते. जत्रेत फुगे फोडण्यापलीकडे ज्यांची मजल गेलेली नाही, त्यांनी दुसरं काय समजायचं? पण अमेरिकेत ‘बेंचरेस्ट’ नावाचा नेमबाजीचा एक प्रकार आहे, त्यात या मध्यबिंदूला काडीची किंमत नाही. गोळ्या चौकटीच्या आत कुठेही लागोत, फक्त सगळ्या एकाच जागी लागल्या पाहिजेत. शंभर यार्डांवरून पाच गोळ्या झाडायच्या आणि एकमेकींपासून सर्वांत लांब पडलेल्या दोन गोळ्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजायचं. ज्याचं अंतर कमी, तो जिंकला.

मला हा खेळ ऐकताक्षणीच आवडला. आमच्या धंद्यातलाच वाटला. कॅश जुळली तर फारच उत्तम. पण जुळत नसेल तर रोज त्याच रकमेने चुकावी, म्हणजे कुठे घोळ आहे ते सापडतं. आज तीन रुपये कमी आणि उद्या सतरा जास्त, असला कॅशियर कोणत्याच मॅनेजरला नको असतो.

या वेडाचं मूळ जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या लोकांमध्ये आहे. ही मंडळी रविवारी बायकापोरांसकट जमायची, बिअर प्यायची आणि दोनशे यार्डांवर नेम धरायची. (या क्रमाने नसावं, अशी आशा आहे.) त्यांच्यासाठी बंदुकीच्या नळ्या बनवणारा हॅरी पोप नावाचा एक अवलिया होता. जन्म 1861चा, एम.आय.टी.त शिकलेला. त्याची पद्धत अशी, की दारू भरलेलं काडतूस मागून घालायचं, पण शिशाची गोळी पुढून, नळीच्या तोंडातून आत ढकलायची. कवच तेच एक; दिवसभर पुन्हा पुन्हा भरायचं. 1906 साली त्याने सॅन फ्रान्सिस्कोला दुकान थाटलं आणि लगेच तिथला तो प्रसिद्ध भूकंप झाला. दुकान गेलं. पुढे जर्सी सिटीत बसून तो नळ्या करत राहिला. तिथे त्याने एक पाटी लावली होती. तिचा मतलब असा, की तारीख मिळणार नाही. काम चांगलं झालं की न्या, नाहीतर दुसरीकडे जा. ही पाटी आमच्या कर्ज विभागात लावावी, असं मला फार दिवसांपासून वाटतं आहे.

तर 1901च्या मे महिन्यात सी. डब्ल्यू. रोलँड नावाच्या गृहस्थाने पोपची नळी टेकूवर ठेवली आणि दोनशे यार्डांवरून दहा गोळ्या मारल्या. दहाही गोळ्यांचे मध्य 0.722 इंचात बसले. दोनशे यार्ड म्हणजे सहाशे फूट, हे लक्षात घ्या. एवढ्या लांबून मला माणूस ओळखू येत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा छंद रीतसर झाला. 1947 साली न्यूयॉर्क राज्यातल्या जॉन्सटाउनला सामने भरले, 1951 साली राष्ट्रीय संघटना निघाली. आता बंदूक खांद्याच्या जोरावर धरायची नाही, भक्कम बाकावर वाळूच्या पिशव्यांत ठेवायची. पण संघटना आली की नियम येतात, नियम आले की वर्ग पडतात. साडेदहा पौंडांची बंदूक एका वर्गात, साडेतेरा पौंडांची दुसऱ्यात. आणि एक वर्ग असा, की ज्यात वजनाला मर्यादाच नाही.

‘मर्यादा नाही’ हे शब्द इंजिनिअर माणसाच्या कानावर पडणं धोक्याचं असतं. त्यातून ‘रेल गन’ जन्माला आली. हिला दस्ताच नसतो. खांद्याला लावणार काय? खाली जाडजूड धातूचा पाया, त्यावर रूळ, आणि रुळावर सरकणाऱ्या चौथऱ्यात करकचून आवळलेली नळी. बंदूक कमी आणि लेथ जास्त. चाप ओढला की सगळं धूड रुळावरून मागे सरकतं. ते पुढे ढकलायचं, अटकेपाशी टेकलं की नळी पुन्हा जिथल्या तिथे. डावंउजवं, वरखाली करायला स्क्रू. हात कापला, श्वास अडला, बायकोशी भांडण झालं, नळीला काही फरक पडत नाही.

आमच्याकडे कोअर बँकिंग आलं, तेव्हा जो प्रश्न कॅन्टीनमध्ये हलक्या आवाजात विचारला जायचा तोच इथे विचारावासा वाटतो: मग माणसाने करायचं काय?

त्याआधी एक भानगड सांगायची राहिली. पाचही गोळ्या एकाच भोकातून गेल्या, तर त्या पाच होत्या हे ठरवायचं कसं? एक मारून चार खिशात घातल्या नसतील कशावरून? यावर त्या लोकांनी काढलेला तोडगा ऐकून मी मनातल्या मनात हात जोडले. पुढचा कागद स्थिर; त्याच्या मागे एक कागदी पट्टी हळूहळू सरकत असते. पुढे एकच भोक, मागच्या पट्टीवर मात्र पाच वेगवेगळी. म्हणजे खातं एक आणि व्हाउचरं पाच! बंदुकीचं इतकं चोख ऑडिट जगात दुसरीकडे होत असेल, असं मला वाटत नाही.

आणि त्याची गरजही होती. 1973 साली मॅक मॅकमिलन यांचा पाच गोळ्यांचा गट 0.009 इंच भरला. साधारण पोस्टकार्डाच्या जाडीएवढा. तो विक्रम मोडायला 2013 साल उजाडलं, तेव्हा 0.0077 इंचाची नोंद झाली. मधल्या काळात, शीतयुद्ध चालू असताना, डॉ. पाल्मिसानो आणि यंत्रांवर हात बसलेले फेरिस पिंडेल यांनी एका रशियन काडतुसाला ठोकून-आकारून बुटकं, जाडसर ‘6 मिलिमीटर पीपीसी’ काडतूस बनवलं. अमेरिकन मैदानांवर ते असं चाललं, की विचारू नका.

उरला एकच शत्रू. वारा. त्याचाही बंदोबस्त करून पाहिला गेला. 1980च्या सुमारास ह्यूस्टनमध्ये काही मंडळींना सुमारे सव्वातीनशे फूट लांबीचं एक गोदाम मिळालं. शंभर यार्ड आत मावत होते. रात्री दारं बंद करून ते प्रयोग करायचे. वारा नाही, ऊन नाही, कोणी बघायलाही नाही. तिथे व्हर्जिल किंग 0.025 इंचाचे गट पुन्हा पुन्हा मारत असत. पण ते सामन्यातले नव्हेत, त्यामुळे विक्रमांच्या वहीत त्यांना जागा नाही. मला हे योग्यच वाटतं. शाखा बंद ठेवून हिशेब जुळवला, यात कसला पराक्रम?

सामने उघड्यावरच होतात. बाकापासून लक्ष्यापर्यंत वाऱ्याच्या पताकांची रांग. पाच गोळ्यांना वेळ सात मिनिटं. रेल गनवाल्याला पुन्हा नेम धरायचा नसल्याने वारा एकसारखा आहे तेवढ्यात तो पाचही गोळ्या धडाधड उरकून टाकू शकतो. फक्त कधी सुरुवात करायची, एवढंच त्याने ठरवायचं. म्हणून लेथएवढ्या यंत्राशेजारी बसलेला हा माणूस बंदुकीकडे बघतच नाही. तो सहा मिनिटं नुसता पताकांकडे डोळे लावून बसतो, आणि चौथ्या गोळीला मधली एक पताका उलटी फिरते.