डॅशबोर्डवरचा पिवळा बल्ब

आजच्या भागाला थोडा गॅरेजचा वास येणार आहे, आधीच सांगून ठेवतो. मागच्या भागानंतर काही जणांनी विचारलं होतं की गाडीला बाहेरून झेनॉन दिवे बसवले की डॅशबोर्डवर तो बल्बचा पिवळा इशारा का लागतो, आणि तो घालवायचा कसा. उत्तर दोन मिनिटांत देता येतं. पण ते नीट कळायला गाडीच्या दिव्यांच्या इतिहासात जावं लागतं, आणि तो इतिहास मला स्वतःला एका पावसाळ्यात जरा महागात जाऊन कळला.

गाडी माझ्या मामेभावाची, म्हणजे दादाची. सेकंडहँड, युरोपियन बनावटीची सेडान. कंपनीचं नाव घेत नाही, कारण चूक तिची नव्हतीच. दादाला रात्री कोकणात जायची हौस, आणि हॅलोजनचा पिवळट उजेड त्याला पुरायचा नाही. एका दुकानातून झेनॉनचा किट आणला, संध्याकाळी बसवला, रस्ता पांढराशुभ्र उजळला. आणि गाडी म्हणाली, "बल्ब गेलाय." दोन्ही बल्ब समोर ढणढणा जळतायत आणि गाडी म्हणते गेलाय!

आता मागे जाऊ. सुरुवातीच्या मोटारींवर कार्बाइडचे दिवे असायचे. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी ठिबकवायचं, ॲसिटिलीन वायू तयार व्हायचा, तो जाळायचा. हो, तेच कार्बाइड, ज्याच्यावर आंबे पिकवतात म्हणून आपण ओरडतो. त्या काळी दिवा विझला की ड्रायव्हरला समोर दिसायचंच बंद व्हायचं, वेगळ्या इशाऱ्याची गरज नव्हती. १९१२ साली कॅडिलॅकने विजेवरचा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र दिले आणि मग विजेचाच जमाना आला. १९६२ साली युरोपात एच-१ हा पहिला हॅलोजन बल्ब आला, १९७१ च्या सुमारास एकाच बल्बमध्ये दोन तारा असलेला एच-४. आपल्याकडच्या कितीतरी गाड्या पुढे याच एच-४ वर धावल्या.

उजेड वाढला, तसा एक नवा प्रश्न आला. मागचा दिवा किंवा ब्रेकचा दिवा गेला तर आत बसलेल्याला कळणार कसं? १९६८ च्या शेव्हर्ले कॉर्व्हेटमध्ये यावर फार सुंदर तोडगा होता. प्रत्येक दिव्यापासून प्रकाशतंतूची एक बारीक दोरी आत कन्सोलपर्यंत आणलेली. बाहेर दिवा लागला की आत एक ठिपका उजळायचा. ना सेन्सर, ना हिशोब. दिव्याचाच उजेड तुमच्यापर्यंत आणून दाखवला. मला विचाराल तर याहून प्रामाणिक इशारा नंतर कुणी केला नाही.

मग आला रीड स्विच. काचेच्या नळीत लोखंडाच्या दोन पातळ पट्ट्या; जवळ चुंबकीय क्षेत्र आलं की त्या चिकटतात. १९३६ साली बेल लॅब्जमध्ये वॉल्टर एलवुड यांनी शोधलेली ही चीज. व्होल्वोच्या २४० सारख्या गाड्यांत तिचा वापर कसा केला बघा. डाव्या दिव्याचा करंट एका गुंडाळीतून, उजव्याचा दुसऱ्या गुंडाळीतून, आणि दोन्ही गुंडाळ्या उलट दिशेने. दोन्ही दिवे सारखा करंट ओढत असले की दोन्ही क्षेत्रं एकमेकांना मारतात, पट्ट्या सुट्या राहतात. एक दिवा गेला की तोल बिघडतो, पट्ट्या चिकटतात, डॅशबोर्डवर दिवा लागतो. अगदी बाजारातला तराजू. म्हणून या गाड्यांचे मालक बल्ब नेहमी जोडीने बदलायचे. एका बाजूला एका कंपनीचा आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्या कंपनीचा लावला तरी तराजू झुकायचा आणि खोटा इशारा यायचा.

इथे एक गोष्ट पकडून ठेवा. कॉर्व्हेट उजेड बघत होती. व्होल्वो करंट बघत होती. आमच्या दादाच्या गाडीचं सगळं रामायण या एका फरकात आहे.

पुढे काटा गेला आणि कॉम्प्युटर आला. १९८६ साली बॉशने डेट्रॉइटच्या परिषदेत कॅन बस मांडली, म्हणजे गाडीतले वेगवेगळे कॉम्प्युटर दोन तारांवरून एकमेकांशी बोलायची पद्धत. हळूहळू प्रत्येक दिव्यामागे फ्यूज आणि रिले यांच्याऐवजी करंट मोजणारा इलेक्ट्रॉनिक स्विच बसला. तो दोन वेळा तपासतो. दिवा चालू असताना करंट मोजतो: ५५ वॅटच्या हॅलोजनने १२ व्होल्टवर साधारण साडेचार अँपिअर ओढले पाहिजेत. आणि दिवा बंद असतानाही अधूनमधून अगदी बारीक झटका पाठवून बघतो की तार शाबूत आहे का. थंड टंगस्टनचा रोध तापलेल्या तारेच्या दहाव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी असतो, त्यामुळे तार शाबूत असेल तर हे लगेच कळतं.

झेनॉन पहिल्यांदा आला १९९१ मध्ये, बीएमडब्ल्यूच्या ७-सिरीजमध्ये. त्यात तारच नाही. काचेच्या छोट्या गोळीत वायू आणि धातूंचे क्षार, दोन टोकांमध्ये विजेची कमान. ती पेटवायला वीस हजार व्होल्टच्या वरचा झटका लागतो, मग ८५ व्होल्टच्या आसपास ती चालू राहते. हे सगळं सांभाळतो बॅलास्ट. आपल्या ट्यूबलाइटचा चोक म्हणा, थोरला शहाणा भाऊ. सुरुवातीला दहा अँपिअरच्या वर घटकन ओढतो, मग स्थिरावून तीनेक अँपिअरवर बसतो. उजेड मात्र हॅलोजनच्या दुप्पट.

आता गाडीच्या बाजूने विचार करा. बंद दिव्याला तिने झटका पाठवला, तर पलीकडे तार नाही, कपॅसिटर आणि चिप. चालू केल्यावर साडेचारची अपेक्षा, तर मिळाले तीन. तिने काढलेला निष्कर्ष बरोबरच आहे हो! बल्ब नाहीये तिथे.

दादाने पहिला उपाय केला तो दुकानदाराने दिलेला, रेझिस्टर. ६ ओहमचा, सोनेरी रंगाचा, बल्बला समांतर जोडायचा. गाडी सुरू असताना तो सव्वादोन अँपिअर ओढतो, गाडीचा हिशोब जुळतो, इशारा जातो. पण गंमत बघा. बॅलास्ट धरून झेनॉन घेतो ४० वॅटच्या आसपास, रेझिस्टर नुसता तापून खातो ३० वॅट. म्हणजे हॅलोजनपेक्षा जास्त वीज, आणि वरून इस्त्री. हा रेझिस्टर गाडीच्या पत्र्याला बोल्टने घट्ट लावायचा असतो, म्हणजे उष्णता पत्र्यात जाते. आमचा प्लास्टिकच्या भागाला पट्टीने बांधलेला होता. तिसऱ्या दिवशी बॉनेटमधून जळका वास आला, उघडून बघितलं तर प्लास्टिक मेणासारखं खाली आलेलं.

दुसरा उपाय रिले. बॅलास्टला वीज थेट बॅटरीवरून, मध्ये फ्यूज, आणि गाडीची मूळ वायर फक्त रिले ओढायला. बॅलास्टसाठी हे उत्तम, कारण काही गाड्या बल्बला वीज तुकड्यातुकड्यांनी देतात आणि त्यावर बॅलास्ट लुकलुकतो. पण रिलेची कॉइल करंट घेते जेमतेम पाव अँपिअरसुद्धा नाही, म्हणजे इशारा परत हजर. शिवाय गाडीच्या त्या तपासणीच्या झटक्यांनी आमचा रिले मधमाशीसारखा गुणगुणायला लागला. त्यावर डायोड आणि कपॅसिटर असलेला डबा मिळतो, तो लावला की गुणगुण थांबते.

शेवटी आमचे इलेक्ट्रिशियन चाचा लॅपटॉप घेऊन आले. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला वायर जोडली. नीट करायचं तर इथे गाडीला सांगायचं असतं की दिवा आता झेनॉन आहे. कंपनीने त्या मॉडेलला तो पर्याय दिला असेल तर तशी सेटिंग आत असते, आणि तपासणी त्या हिशोबाने बदलते. चाचांना ती सापडली नाही. त्यांनी बल्बची तपासणीच बंद केली, सगळ्याच दिव्यांची. इशारा गेला. दादा खूष, चाचांना चहा.

ते सात-आठ महिने बरे गेले. मग जुलैत आम्ही आंबा घाट उतरत होतो, धुकं आणि पाऊस. वळणावर समोरून एक टेम्पो सरळ आमच्या अंगावर आला. दादाने गाडी डावीकडे गटारात घातली म्हणून वाचलो. टेम्पोवाला खाली उतरला तो शिव्या देतच. म्हणाला, "एकच दिवा दिसला, मोटरसायकल समजलो मी! एक डोळा फुटलाय तुमचा, बघा जरा!" उजवा झेनॉन गेलेला. धुक्यात पांढऱ्या उजेडाची भिंतच समोर होती, आम्हाला पत्ताच नाही. आणि ज्या यंत्रणेने सांगायचं तिचं तोंड आम्हीच पैसे देऊन बंद केलं होतं.

अजून एक राहिलं. हॅलोजनसाठी बनवलेल्या आरशात तारेची जागा अगदी मोजून ठरलेली असते. तिथे कमान आली की उजेड वर-खाली सांडतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून युरोपात २००० ल्युमेनच्या वरच्या दिव्याला आपोआप खालीवर होणारी यंत्रणा आणि काच धुणारा फवारा सक्तीचा केला. किटमध्ये यातलं काहीच येत नाही. आपल्याकडेही मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत असे फेरफार करायला मुभा देत नाही. मात्र घाटात कलम आठवत नाही, टेम्पो आठवतो.

पुढच्या रविवारी दादाने किट काढला. मूळ हॅलोजन बसवले, चाचांना बोलावून तपासणी परत चालू करून घेतली. चावी फिरवली तर डॅशबोर्डवर पुन्हा तो पिवळा बल्ब! दादाने कपाळाला हात लावला. चाचा शांतपणे गाडीमागे गेले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "बरोबर बोलतेय. नंबरप्लेटचा गेलाय." कधी गेला होता कोण जाणे.