उपवास, आग्रह आणि आजार : खाण्याच्या विकारांवर उपचार करताना घर का समजून घ्यावं लागतं

‘अन्नावरची वासनाच उडाली’, ‘दोन घास खाल्ले की पोट गच्च होतं’, ‘पित्त होतं’. मराठी घरात न जेवण्याची कारणं साधारण याच शब्दांत सांगितली जातात, मग ते घर बेळगावात असो, पणजीत असो की बडोद्यात. ‘मला जाड होण्याची भीती वाटते’ असं प्रत्येक पेशंट म्हणतोच असं नाही. पण खाण्याच्या विकारांचं निदान बरीच वर्षं या एकाच भीतीवर आधारलेलं होतं. त्यामुळे ही भीती बोलून न दाखवणारे पेशंट निदानातून निसटण्याचा धोका राहतो. डॉक्टरांनी पेशंटचं घर, सणवार आणि भाषा समजून घ्यावी असं आता मानसोपचारात आग्रहानं सांगितलं जातं, त्याचं मूळ इथे आहे.

हे विकार कोणते?

मुख्य विकार तीन. अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसामध्ये माणूस खाणं इतकं कमी करतो की वजन धोक्याच्या पातळीखाली जातं. बुलिमिया नर्व्होसामध्ये एका बैठकीत प्रमाणाबाहेर खाल्लं जातं आणि मग उलटी काढणं, जुलाबाची औषधं घेणं किंवा अति व्यायाम करणं सुरू होतं. बिंज इटिंगमध्ये असंच ताबा सुटून खाणं होतं, पण नंतर उलट्या वगैरे नसतात. हे विकार मुलींमध्ये जास्त आढळत असले तरी मुलगे आणि मोठी माणसंही यातून सुटलेली नाहीत. अ‍ॅनोरेक्सिया तर मानसिक आजारांमधल्या सर्वांत जीवघेण्या आजारांपैकी एक मानला जातो. म्हणून ‘वयाचे नखरे आहेत, जातील’ म्हणून सोडून देणं महागात पडू शकतं.

मोजपट्टी तिकडची, पेशंट इकडचा

अ‍ॅनोरेक्सियाचं पहिलं नेमकं वर्णन १८७३ च्या सुमारास लंडनमध्ये विल्यम गल आणि पॅरिसमध्ये शार्ल लासेग यांनी केलं. जाड होण्याच्या भीतीवरचा भर नंतर, विसाव्या शतकात आला. बुलिमियाचं वर्णन लंडनच्याच जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये केलं. निदानाच्या कसोट्या आणि प्रश्नावल्या मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या पेशंटांवरून तयार झाल्या.

आशियात त्या लावल्यावर गोंधळ दिसू लागला. हाँगकाँगचे मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांनी १९९३ मध्ये ७० चिनी पेशंटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ४१ जणांना जाड होण्याची भीती नव्हतीच. पोट फुगतं, भूक लागत नाही अशी कारणं ते देत होते, पण उपासमार तेवढीच खरी होती. दिल्लीतल्या डॉक्टरांनी १९९५ मध्ये पाच भारतीय पेशंटांची माहिती मांडली. वजन घटलं होतं, पाळी थांबली होती, पण स्वतःच्या शरीराबद्दलचा तो ठरावीक गैरसमज मात्र दिसत नव्हता.

उलट बाजूनंही चूक होऊ शकते. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर भारतातल्या शाळकरी मुलींना इंग्लंड-अमेरिकेत वापरली जाणारी प्रश्नावली दिली, तेव्हा सुमारे २९ टक्के मुली आजाराच्या रेषेच्या वर गेल्या. बारकाईनं पाहिल्यावर काही प्रश्नांचा अर्थ मुलींनी वेगळा घेतला असावा असं संशोधकांना दिसलं. हे समजणं अवघड नाही. ‘तू खाण्यावर ताबा ठेवतेस का?’ हा प्रश्न आठवड्याला उपवास असणाऱ्या घरात विचारला तर मुलगी अभिमानानं ‘हो’ म्हणेल. तिच्या लेखी ते लक्षण नाही, संस्कार आहे.

अखेर कसोट्या बदलल्या. २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या नव्या नियमावलीत पाळी थांबण्याची अट काढली गेली. वजन वाढू न देणारं वागणं सतत दिसत असेल, तर पेशंटनं भीती तोंडानं बोलून दाखवलीच पाहिजे असंही राहिलं नाही.

म्हणून ‘हे आपल्याकडचं नाहीच’ असं मात्र नाही. फिजी बेटांवर भरलेलं अंग चांगलं मानलं जायचं. तिथल्या नाद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही पोचला. तेव्हा वजनासाठी उलटी काढते असं सांगणारी एकही शाळकरी मुलगी पाहणीत सापडली नव्हती. तीन वर्षांनी, १९९८ मध्ये हे प्रमाण ११.३ टक्के झालं. आपल्याकडे आता हातोहाती मोबाइल आहे, आणि स्थळाच्या जाहिरातीत ‘सडपातळ’ हा शब्द तर कधीपासूनच आहे.

उपवास की आजार?

मराठी घरातला सर्वांत नाजूक प्रश्न हाच. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, मार्गशीर्षातले गुरुवार, नवरात्र. जैन कुटुंबात पर्युषण, मुस्लिम घरात रमजानचे रोजे, गोव्यातल्या ख्रिस्ती घरात ईस्टरपूर्वीचा उपासकाळ. उपवास म्हणजे आजार नव्हे. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच नाही आली. साबुदाणा, वरई, शेंगदाणे, रताळी पोटात जातातच. पण ज्याला आजार आहे त्याला उपवासाची आयती ढाल मिळते. घरात कुणी हरकत घेत नाही, उलट कौतुक होतं.

त्यामुळे जाणकार डॉक्टर ‘उपवास बंद करा’ असं पहिल्याच दिवशी सांगत नाहीत. ते काही गोष्टी विचारतात. घरच्या रिवाजापेक्षा उपवास वाढलेत का? फराळाचंही खात नाही का? उपवास सुटल्यावर जेवण नेहमीसारखं होतं, की सुटायची वेळ आली की पोट दुखायला लागतं? चुकून काही खाल्लं तर वाईट वाटतं ते देवासाठी, की वजनासाठी? घरातल्या सगळ्यांबरोबर उपवास होतो की एकटीचाच?

उपाय त्याच परंपरेत सापडतो. आजारी माणसाला रोज्यातून सूट आहे. कॅथलिक चर्चचा उपवासाचा नियम १८ वर्षांखालच्यांना लागू नाही, आजाऱ्यालाही त्यातून सवलत आहे. हिंदू घरांतही आजारी, गरोदर आणि म्हाताऱ्या माणसांना उपवास सोडायला सांगतात. त्याऐवजी नामस्मरण, दान चालतं. हीच गोष्ट घरातल्या आजीनं, गुरुजींनी, मौलवींनी किंवा फादरनी सांगितली, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीपेक्षा ती लवकर पटू शकते.

घरात शब्द कुणाचा चालतो?

किशोरवयीन पेशंटांसाठी लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलमध्ये १९८० च्या दशकात कुटुंबाला बरोबर घेऊन उपचार करण्याची पद्धत विकसित झाली. त्यात काही काळ मुलाच्या जेवणाचा ताबा आईवडिलांकडे दिला जातो. जगभर ती वापरली जाते. पण ती बसवताना ‘आईवडील’ हे गृहीत तपासावं लागतं. एकत्र कुटुंबात स्वयंपाकघर आजीच्या किंवा मोठ्या काकूच्या हातात असतं. आईला बोलावून समजावलं आणि आजीला काहीच सांगितलं नाही, तर घरी गेल्यावर पहिलं पाढे पंचावन्न. म्हणून पहिल्याच भेटीत ‘घरात वाढतं कोण, आणि कुणाचा शब्द मोडत नाही?’ हे विचारून त्या व्यक्तीला सोबत बोलवावं लागतं.

आपला आग्रहही इथे आडवा येतो. पाहुण्यांसमोर ‘अजून एक पोळी घे’ आणि लगेच ‘केवढी सुटलीस गं’, ही दोन्ही वाक्यं एकाच तोंडून येतात. ‘तब्येत सुधारली’ या शब्दांत तर दोन अर्थ आहेत: बरी झालीस, आणि जाड झालीस. बरं होत असलेल्या मुलीला दुसराच अर्थ ऐकू येतो. उपचाराच्या काळात वजनावर, अंगावर कुणीही बोलायचं नाही, कौतुकानंही नाही, हा नियम अख्ख्या घराला लावावा लागतो.

ताट घरचंच हवं

ओट्स, चीज आणि टोस्ट लिहिलेला छापील आहारतक्ता घरी टिकत नाही. भाकरी, आमटी, तूप घातलेला वरणभात, गोव्यात शीतकडी, इंदूरला पोहे, बडोद्याला थेपले. वाटी, पळी आणि चमच्याच्या मापानं लिहिलेला तक्ता पाळता येतो. शाकाहार, जैन आहार किंवा हलाल यांचा मान ठेवूनही पुरेसं पोषण बसवता येतं. फक्त मांसाहार अलीकडेच आणि एकटीनंच सोडला असेल, तर त्यामागे श्रद्धा आहे की आजार, हे विचारायला हवं.

एक इशारा महत्त्वाचा. बरेच दिवस उपाशी राहिलेल्याला मायेपोटी एकदम शिरा, लाडू, भरपूर जेवण देऊ नये. अशा वेळी रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम अचानक घसरून हृदयावर ताण येतो आणि जीवही जाऊ शकतो. फार अशक्त पेशंटचं खाणं डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्त तपासत, हळूहळूच वाढवायचं असतं.

सांगायचं कुठल्या भाषेत?

सीमेवरच्या आणि परप्रांतातल्या मराठी माणसाला ही अडचण रोजची आहे. डॉक्टर कन्नड, गुजराती, तेलुगू किंवा हिंदी बोलणारे असू शकतात. बाजारहाट त्या भाषेत सहज होतो. पण लाज, अपराधीपणा, उलटी काढण्याची गोष्ट परक्या भाषेत निघत नाही. मग दुभाषा म्हणून आईच पुढे बसते आणि मुलीला जे आईपासून लपवायचं असतं ते सांगायचं राहून जातं. शक्यतो घराबाहेरचा दुभाषा घ्यावा, आणि पेशंटला काही वेळ एकटं बोलू द्यावं.

हा उपकार नाही, हक्क आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधल्या कलम २२ नुसार पेशंटला आजाराची आणि उपचाराची माहिती त्याला समजेल अशा भाषेत मिळायला हवी. याच कायद्याच्या कलम २१ नुसार आरोग्य विमा कंपन्यांनी शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही संरक्षण द्यायचं आहे. पॉलिसी घेताना आणि क्लेम करताना हे लक्षात ठेवावं.

कुठे थांबायचं नाही

संस्कृतीचा मान राखणं म्हणजे वाट पाहत बसणं नव्हे. चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, नाडी फार मंद होणं, पाळी थांबणं, सतत थंडी वाजणं, वारंवार उलट्या, पाणीही न घेणं, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवणं, यातलं काहीही दिसलं तर उपवास, मुहूर्त, परीक्षा, लग्नाची बोलणी सगळं बाजूला ठेवून दवाखाना गाठावा. दृष्ट काढायची असेल तर काढावी, पण त्यासाठी दवाखाना लांबवू नये. क्षयरोग, थायरॉइड, मधुमेह यांच्या तपासण्याही आधी होतात, कारण वजन त्यांच्यामुळेही घटतं. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे आजार नाही असं मात्र समजू नये.

मदत कुठे मिळेल?

टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि त्यावर भाषा निवडता येते. बेळगावकरांना जवळची सरकारी संस्था म्हणजे धारवाडची डिमहान्स. गोव्यात बांबोळीची मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था, हैदराबादेत एर्रागड्डा इथलं मानसिक आरोग्य रुग्णालय, ग्वाल्हेरला मानसिक आरोग्यशाळा आहे. इंदूर आणि बडोद्यातही सरकारी मानसिक रुग्णालयं आहेत. जाताना घरात शब्द चालणारी व्यक्ती सोबत न्यावी. गेल्या महिन्याभरात काय खाल्लं, कोणते उपवास केले, हे एका कागदावर लिहून न्यावं. डॉक्टरांना घर समजायला त्या कागदाची मोठी मदत होते.