अवकाश कचऱ्याच्या मोजणीसाठी कक्षेत सोडलेले गोळे

पृथ्वीनजीकच्या कक्षांतील सुमारे दहा सेंटिमीटरहून मोठ्या तुकड्यांचा माग ठेवता येतो, त्यामुळे धोका दिसताच उपग्रहाला मार्ग बदलता येतो. खरी पंचाईत त्याहून लहान तुकड्यांची आहे. एक सेंटिमीटरचा तुकडाही सेकंदाला दहा किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने आदळल्यास उपग्रह निकामी करू शकतो, आणि असे तुकडे दहा लाखांहून अधिक असावेत, असा युरोपीय अंतराळ संस्थेचा अंदाज आहे. ते एकेक करून टिपणे अशक्य असल्याने रडार एका दिशेला रोखून त्यासमोरून जाणारे तुकडे मोजायचे व त्यावरून एकूण संख्या काढायची, एवढेच हाती उरते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातले हेस्टॅक रडार १९९० पासून हे काम करू लागले.

मात्र परतलेल्या लहरीवरून तुकड्याचे माप ठरवणे सोपे नाही. हेस्टॅकच्या लहरींची लांबी सुमारे तीन सेंटिमीटर. तुकडाही जवळपास तेवढाच असला की आकारमान वाढूनही परावर्तन कधी वाढते, कधी घटते. तराजू तपासण्यास प्रमाणित वजने लागतात, तशी येथे ज्ञात मापाची वस्तू हवी होती. त्यासाठी 'नासा'ने 'ओडेरॅक्स' हा प्रकल्प आखला. डिसेंबर १९९२ मधील पहिला प्रयत्न बॅटरीअभावी फसला. फेब्रुवारी १९९४ मध्ये 'डिस्कव्हरी' यानातून पाच, दहा व पंधरा सेंटिमीटर व्यासाचे प्रत्येकी दोन धातूचे गोळे सोडण्यात आले. त्यांत ना यंत्र, ना प्रक्षेपक. गोळा कोणत्याही बाजूने सारखाच दिसतो व त्याचे परावर्तन गणिताने अचूक काढता येते, हाच त्यांचा गुण. कचरा मोजण्यासाठी कक्षेत आणखी वस्तू टाकणे विपरीत वाटेल. परंतु कक्षा खालची असल्याने विरळ हवेच्या घर्षणाने हे गोळे लवकरच खाली येऊन नष्ट झाले.

फेब्रुवारी १९९५ मध्ये तीन गोळ्यांसोबत तीन बारीक तारा सोडल्या गेल्या. हेस्टॅकची लहर मळसूत्रासारखी फिरत जाते. गोळ्यावरून परतताना तिची फिरण्याची दिशा उलटते. तारेवरून मात्र दोन्ही दिशांच्या लहरी सारख्याच प्रमाणात परततात. या फरकाचा उपयोग मोठा आहे. नऊशे ते हजार किलोमीटर उंचीवर हेस्टॅकला अनपेक्षितपणे पुष्कळ लहान वस्तू आढळल्या होत्या. त्यांची परावर्तने गोळ्यांसारखी होती. ते स्फोटातील तुकडे नव्हते. सोव्हिएत टेहळणी उपग्रहांच्या अणुभट्ट्यांतून गळालेल्या सोडियम-पोटॅशियम मिश्रधातूचे ते थेंब होते.