बंदुकीवरील दुर्बीण आणि आपला पावसाळा

मुंबईच्या उपनगरांत, मुलुंड व भांडुप यांच्या मधोमध नाहूर हें ठिकाण आहे. त्याच्या पश्चिमेस विहार व तुळशी तलावांना कुशींत घेणारी डोंगरांची रांग, तर पूर्वेस मिठागरें आणि ठाण्याची खाडी. आषाढ लागला म्हणजे डोंगरावरचा पाऊस आणि खाडीवरचा दमट वारा यांच्या कात्रींत हा सारा टापू सांपडतो. कपाटांतल्या जोड्यांवर पांढरी भुरी चढते, पुस्तकांचे पुठ्ठे फुगतात, मिठाला पाणी सुटतें. एवढें प्रत्येक गृहिणीच्या परिचयाचें आहे. परंतु याच दिवसांत, त्याच कपाटांत ठेवलेल्या एखाद्या दुर्बिणीच्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक नक्षी उमटूं लागते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येते ती फार उशीरां. काचेला बुरशी लागते हें ऐकून कित्येकांना नवल वाटेल. पण या बुरशीनें शिकाऱ्यांना, सैनिकांना आणि शास्त्रज्ञांना सारखेंच छळलें आहे.

बंदुकीच्या नळीवर दुर्बीण बसविण्याची कल्पना तशी जुनी नाहीं. १८३५ ते १८४० च्या दरम्यान अमेरिकेंत चॅपमन नांवाच्या इंजिनियरच्या आराखड्यावरून मॉर्गन जेम्स या बंदूक-कारागिरानें अशा दुर्बिणी तयार केल्या. त्या काळच्या या दुर्बिणी बहुधा बंदुकीच्या नळीएवढ्याच लांब असत. १८५५ च्या सुमारास विल्यम माल्कम यानें रंगदोष टाळणारीं जोडभिंगें वापरून त्यांत सुधारणा केली. १८८० मध्यें ऑगस्ट फीडलर या ऑस्ट्रियांतील वनाधिकाऱ्यानें शिकारीस खरोखर उपयोगी पडेल अशी दुर्बीण बनविली. आणि १८८४ मध्यें जर्मनींतील येना येथें ऑटो शॉट व त्याचे सहकारी यांनीं काचेचा कारखाना काढल्यावर चांगलीं भिंगें मिळणें पुष्कळ सोपें झालें.

हिंदुस्थानांतील शिकाऱ्यांनीं मात्र या उपकरणाचें स्वागत जरा हात राखूनच केलें. याचें एक कारण आपल्या रानाचें स्वरूप. हाका घालून जनावर मचाणाखालीं आणावयाचें, म्हणजे अंतर पन्नास-साठ पावलांचें. तेथें नळीवरची साधी माशी पुरेशी होती. प्रत्यक्ष मुंबईच्या दारांत, विहार तलावाच्या परिसरांत, १९२९ सालीं वाघ मारला गेल्याची नोंद आहे; साष्टी बेटावर वाघ होता हें आज सांगितलें तर मुलांना खरें वाटत नाहीं. दुसरें कारण आपली हवा. थंड व कोरड्या देशांत जन्मलेलें हें नाजुक यंत्र येथील चार महिन्यांच्या पावसाळ्यांत तग धरीत नसे.

तें कां टिकत नसे, हें समजून घेण्यासारखें आहे. दुर्बिणीची नळी बाहेरून बंद दिसली तरी जुन्या नळ्या पूर्ण हवाबंद नसत. दिवसा ऊन लागलें कीं आंतील हवा प्रसरण पावून बाहेर पडे. रात्रीं गार होतांच बाहेरची दमट हवा आंत ओढली जाई. जणूं ती नळी श्वासच घेई. अशा प्रत्येक श्वासागणिक थोडें बाष्प आंत राही, आणि पहाटेच्या गारव्यांत त्याचें दंव भिंगाच्या आंतल्या बाजूस जमे. तें पुसावें तर हात पोंचत नाहीं. भिंगें एकमेकांस जोडण्यासाठीं कॅनडा बाल्सम नांवाचा झाडाचा राळेसारखा चीक वापरीत. कडक उन्हांत तोहि मऊ होई आणि भिंगांचा सांधा ढिला पडे.

बुरशीची तऱ्हा याहून निराळी. तिचे कण हवेंत सर्वत्र असतात. हवेंतील आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली, आणि भिंगावर धूळ, बोटांचा तेलकट ठसा किंवा वंगणाचा अंश असला, कीं तिला रुजावयास तेवढें पुरतें. ती काच खात नाहीं. परंतु तिच्यापासून निघणारीं आम्लें काचेचा पृष्ठभाग खरवडतात. म्हणून बुरशी पुसून काढली तरी तिची खूण पुष्कळदां मागें राहते. मुंबईंत पावसाळ्यांतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर दिवसेंदिवस असते, हें लक्षांत घेतलें म्हणजे रोगाचें मूळ वेगळें शोधावें लागत नाहीं.

दुसऱ्या महायुद्धांत हा प्रश्न शिकाऱ्यांच्या हौसेपुरता राहिला नाहीं. न्यू गिनी व ब्रह्मदेश यांच्या जंगलांत सैन्याच्या दुर्बिणी कांहीं आठवड्यांतच आंधळ्या होऊं लागल्या. तेव्हां ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनीं या बुरशीचा अभ्यास केला आणि पारायुक्त जंतुनाशक द्रव्य वापरून उपकरणें सुरक्षित ठेवण्याची युक्ति काढली. महायुद्धानंतर अमेरिकेंत ल्यूपोल्ड कंपनीनें नळींतील हवा काढून तिच्या जागीं कोरडा नत्रवायु भरण्याची पद्धत शिकारीच्या दुर्बिणींत रूढ केली. नळी पक्की हवाबंद, आंत बाष्पच नाहीं. मग दंव जमणार कोठून? आज चांगल्या दुर्बिणी याच तत्त्वावर बनतात.

याच काळांतला दुसरा शोध म्हणजे भिंगावरील लेप. १९३५ मध्यें झाइस कारखान्यांतील अलेक्झांडर स्माकुला यांनीं, काचेवर अत्यंत पातळ लेप दिला तर परावर्तनानें वायां जाणारा प्रकाश वांचतो, हें दाखविलें. संध्याकाळच्या अंधुक उजेडांत या लेपाची किंमत कळते. परंतु आरंभींचे लेप मऊ होते. धोतराच्या सोग्यानें किंवा खिशांतल्या रुमालानें काच घांसण्याची जुनी संवय त्यांना मारक ठरली.

येथें कोणी विचारील, एका काचेच्या तुकड्याची एवढी काळजी कशाला? नेम चुकला तर जनावर सुटलें, इतकेंच ना? पण तसें नाहीं. दुर्बिणींतील तारांची फुली कोनाच्या एका कलेइतकी सरकली, तरी १०० यार्डांवर गोळी सुमारें एक इंच बाजूला जाते. पांच कला सरकली तर पांच इंच. हृदयावर धरलेला नेम मग पोटांत किंवा जबड्यांत बसतो, आणि जखमी जनावर झाडींत दिसेनासें होतें. कुमाऊंमधील चंपावतच्या ज्या वाघिणीला जिम कॉर्बेट यांनीं १९०७ मध्यें मारलें, तिच्या उजव्या बाजूचे सुळे जुन्या गोळीनें तुटलेले होते; नैसर्गिक भक्ष्य धरतां येईना म्हणून ती माणसांकडे वळली, असें कॉर्बेट यांनीं लिहून ठेविलें आहे. ती गोळी कोणत्या बंदुकीची होती हें कोणास ठाऊक नाहीं. परंतु एका वांकड्या नेमाची किंमत पुढें शेंकडों गरीब माणसांनीं भरली. साधनाची निगा हा म्हणूनच केवळ नीटनेटकेपणाचा प्रश्न नव्हता; जाणते शिकारी तिला धर्म मानीत.

त्या निगेचे नियम थोडे आणि सोपे आहेत. भिंग कधींहि कोरडें पुसूं नये. प्रथम रबरी फुग्यानें धूळ उडवावी, मग मऊ कुंचल्यानें झाडावी, आणि शेवटीं आवश्यक तेवढेंच स्वच्छ मऊ कापड फिरवावें. धुळीचा एक कण कापडाखालीं सांपडला तर तो कानसीचें काम करतो. चामड्याची पेटी दिसावयास देखणी असली तरी ती ओलावा धरून ठेवते. पावसाळ्यांत उपकरण घट्ट झांकणाच्या डब्यांत, सिलिका जेलच्या पुरचुंडीसह ठेवावें. निळे दाणे गुलाबी झाले म्हणजे त्यांची शक्ति सरली असें समजावें. ते तापविले कीं पुन्हां निळे होतात. पावसांतून आल्यावर ओली दुर्बीण तशीच बंद करूं नये. नळी स्वतः उघडण्याचा मोह तर कटाक्षानें टाळावा. बंदूक पडली वा आपटली तर नेम पुन्हां तपासल्याशिवाय ती वापरूं नये. आणि कोणतीहि दुर्बीण सूर्याकडे रोखूं नये. त्यांत डोळ्याचा कायमचा नाश आहे.

आपल्या देशांत शिकारीचें युग आतां संपलें आहे. मुंबई राज्यानें १९५१ मध्यें वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा केला आणि १९७२ च्या केंद्रीय कायद्यानंतर हौसेची शिकार बंद झाली. परंतु दुर्बीण राहिली. या बदलाचें चित्र एकाच मुंबईकर माणसाच्या आयुष्यांत पाहावयास मिळतें. खेतवाडींत वाढलेल्या सलीम अली यांनीं १९०८ सालीं छऱ्याच्या बंदुकीनें एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग पाहून तिची जात विचारण्यासाठीं तो मुलगा, १८८३ मध्यें स्थापन झालेल्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटींत गेला. सेक्रेटरी मिलर्ड यांनीं त्याला पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखविला. त्या दिवसापासून त्या मुलाची दृष्टि बदलली, आणि १९४१ मध्यें त्यांनीं हिंदी पक्ष्यांवरचें आपलें प्रसिद्ध पुस्तक वाचकांच्या हातीं दिलें.

आज नाहूर-भांडुपच्या पूर्वेस खाडीकांठीं हिंवाळ्यांत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. ठाण्याच्या खाडीला २०१५ मध्यें रोहित अभयारण्याचा दर्जा मिळाला व २०२२ मध्यें ती रामसर स्थळांच्या यादींत गेली. सुट्टीच्या दिवशीं गळ्यांत दुर्बीण अडकवून तेथें जाणाऱ्या कुटुंबांना बंदुकीचें स्मरणहि नसेल. पण त्यांच्या हातांतील भिंगाचा शत्रु तोच आहे, जो शिकाऱ्याच्या भिंगाचा होता. हिंवाळ्यांत रोहित स्वच्छ दिसावा अशी इच्छा असेल, तर मृग नक्षत्र लागण्यापूर्वींच कपाटांतली दुर्बीण काढून, पुसून, कोरड्या डब्यांत ठेवली पाहिजे.