स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा मागोवा

जठराच्या पाठीमागें, कण्यालगत, स्वादुपिंड नांवाची ग्रंथि दडलेली आहे. अन्न पचविणारे रस व रक्तांतील साखर आवरणारें इन्सुलिन तीच निर्माण करते. ती इतकी खोल आहे कीं, तींत कर्करोगाची गांठ झाली तरी हातास लागत नाहीं. कावीळ किंवा पोटदुखी सुरू होते, तेव्हां बहुधा रोग दूरवर पसरलेला असतो.

प्रथम शस्त्रवैद्य पुढें सरसावले. न्यूयॉर्कचे डॉ. ॲलन व्हिपल यांनीं १९३५ सालीं या ग्रंथीच्या डोक्याचा भाग व लगतचें आंतडें काढून टाकण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. तीच सुधारून आजही करतात. परंतु शस्त्रक्रियेस योग्य अशा अवस्थेंत पांचांपैकीं एखादाच रोगी येतो.

रोगाच्या कारणाचा धागा मात्र उंदरांत सांपडला. १९६७ सालीं शिकागोचे वर्नर कर्स्टन यांनीं उंदरांत गांठी उत्पन्न करणाऱ्या एका विषाणूचें वर्णन केलें. पुढें असें आढळलें कीं, त्या विषाणूंतील घातक जनुक मूळचें उंदराच्याच पेशींतलें असून, तसेंच जनुक मनुष्याच्या पेशींतही आहे. कर्स्टन यांच्या आद्याक्षरावरून त्यास ‘के-रास’ म्हणतात. त्यापासून होणारें प्रथिन विजेच्या बटणाप्रमाणें पेशीची वाढ चालू व बंद करतें. जनुकांतील एक अक्षर बदललें कीं बटण चालूच राहतें आणि पेशी अनिर्बंध वाढूं लागते. १९८८ सालीं मॅन्युएल पेरूचो व त्यांचे सहकारी यांनीं स्वादुपिंडाच्या बहुतेक कर्करोगांत हाच बिघाड दाखवून दिला.

कारण कळलें, तरी उपाय सुचेना. प्रथिन गुळगुळीत असल्यानें औषधास शिरकाव करण्याजोगी खांच दिसत नव्हती. अखेर २०१३ सालीं कॅलिफोर्नियांतील केव्हान शोकात यांच्या प्रयोगशाळेस बिघडलेल्या प्रथिनाच्या एका प्रकारांत लपलेली खांच सांपडली. त्या मार्गानें तयार झालेलें सोटोरासिब हें औषध अमेरिकेंत २०२१ सालीं फुप्फुसाच्या कर्करोगाकरितां मान्य झालें. स्वादुपिंडाच्या रोग्यांत मात्र तो प्रकार शंभरांत एकदोघांतच आढळतो. म्हणून इतर प्रकारांवर चालणाऱ्या औषधांच्या चाचण्या हातीं घेण्यांत आल्या. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या चाचणींत न्यूयॉर्कमध्यें शस्त्रक्रिया झालेल्या १६ रोग्यांस ज्याच्या त्याच्या गांठीवरून बनविलेली लस देण्यांत आली. त्यांपैकीं आठांच्या शरीरांत रोगाविरुद्ध प्रतिकार जागृत झाला. संख्या थोडी आहे, तरी आशेस जागा आहे.

उंदरांतील विषाणूपासून पहिल्या औषधापर्यंत ५४ वर्षें लागलीं. आरंभीं ‘याचा उपयोग काय?’ असें विचारून कोणी तें काम थांबविलें असतें, तर आज या रोग्यांकरितां तपासावयास फारसें कांहीं उरलें नसतें. संशोधनास द्रव्य देतांना समाजानें एवढें ध्यानांत ठेवावें.