ठिणगीचा निरोप

गेल्या वर्षीं आमच्या महाविद्यालयांतून निवृत्त झालेल्या एका वयोवृद्ध गुरुजींचा सत्कार झाला. छायाचित्रें घेण्यासाठीं एक तरुण आला होता. त्यानें आपले दोन फ्लॅशदिवे कॅमेऱ्यापासून दूर, सभागृहाच्या दोन कोपऱ्यांत उभे केले होते; त्यांस पेटण्याचा इशारा रेडिओच्या लहरींनीं, बिनतारी जावयाचा होता. सभेपूर्वीं त्यानें घेतलेली चाचणी मीं स्वतः पाहिली होती. परंतु गुरुजींनीं हार स्वीकारून डोळे पुसले, नेमक्या त्याच क्षणीं दिवे पेटलेच नाहींत. "मघाशीं चालत होतें, सर," एवढेंच तो म्हणाला; आणि मीं त्यास चारचौघांदेखत निष्काळजी ठरविलें. पुढें चार महिन्यांनीं गुरुजी वारले. त्या क्षणाचें चित्र कोणापाशींच नाहीं. हळहळीपोटीं मी या विषयाचा इतिहास वाचूं लागलों, आणि वाचतां वाचतां मला माझ्या निवाड्याविषयींच शंका येऊं लागली.

प्रकाश आणि कॅमेऱ्याची पापणी यांची एकाच क्षणीं गांठ घालून देणें, हा प्रश्न फार जुना आहे. प्रारंभीं तो टाळूनच सोडविला जाई. 1851 सालीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें फॉक्स टॅल्बट यांनीं वेगानें फिरणाऱ्या चाकावर 'टाइम्स' पत्राचा कागद चिकटविला, खोलींत अंधार केला, भिंग उघडें ठेवलें आणि लायडन जारांत सांठविलेल्या विजेची ठिणगी पाडली. येथें ठिणगी हीच पापणी होती. 1887 मध्यें जर्मनींत मीटे आणि गेडिके यांनीं मॅग्नेशियम, पोटॅशियम क्लोरेट व अँटिमनी सल्फाइड यांची झगझगीत पेटणारी भुकटी प्रचारांत आणली. तिचीही रीत बहुधा तीच असे: भिंग उघडावें, भुकटी पेटवावी, भिंग झांकावें. न्यूयॉर्कच्या दरिद्री वस्त्यांतील अंधाऱ्या खोल्या जेकब रीस यांनीं जगापुढें मांडल्या, त्या अशाच भुकटीच्या उजेडांत. धूर होई, आगीचें भय असे. पण इशारा वाटेंत हरवण्याचें भय नव्हतें.

योगायोग असा कीं, त्याच 1887 सालीं कार्ल्सरूह येथें हाइनरिख हर्ट्झ विजेच्या ठिणग्यांवर प्रयोग करीत होते. एका ठिणगीपासून निघालेल्या अदृश्य लहरी दूरच्या तारेच्या कड्यांत दुसरी बारीक ठिणगी पाडतात, हें त्यांनीं दाखवून दिलें. ती बारीक ठिणगी नीट दिसावी म्हणून त्यांनीं ती पेटींत झांकली, तों ती आंखूड झाली. कारण पहिल्या ठिणगीचा अतिनील प्रकाश अडला होता. प्रकाशानें विजेस चालना मिळते, याचा हा एक बोलका दाखला. दूरचा दिवा पेटविण्याचे दोन बिनतारी मार्ग पुढें निघाले, एक प्रकाशाचा व दुसरा रेडिओचा. त्या दोहोंची चाहूल या एकाच प्रयोगशाळेंत लागते. 1895 च्या सुमारास कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्यें जगदीशचंद्र बोस यांनीं लहरी पाठवून दूरची घंटा वाजविली आणि बंदुकीची दारू पेटविली. छायाचित्रणाशीं त्या प्रयोगाचा संबंध नव्हता. तथापि स्पर्शावांचून दूरची दारू पेटते, हें लोकांनीं प्रत्यक्ष पाहिलें.

कॅमेऱ्यानें मात्र आधीं तारेचाच आश्रय घेतला. 1930 च्या सुमारास कांचेच्या गोळ्यांतील फ्लॅश आला आणि 1935 मध्यें एक्झॅक्टा कॅमेऱ्यांत त्याची तार जोडण्याची सोय झाली. गोळा पूर्ण तेजास येण्यास सेकंदाचा सुमारें पन्नासावा भाग लागे. उलट एजर्टन यांनीं 1931 पासून विकसित केलेला वायुनळींतील विजेचा फ्लॅश तत्क्षणीं लखलखे. म्हणून कॅमेऱ्यावर दोन निरनिराळ्या जोडण्या कराव्या लागल्या. चुकीची जोडणी निवडली, कीं दिवा पेटूनही चित्र काळें!

तारेंत पाय अडकतात, म्हणून प्रकाशाचा डोळा आला: एक फ्लॅश लखलखला, कीं तें पाहून दुसरा पेटावयाचा. परंतु उन्हांत हा डोळा दिपतो, आडोशामागचें त्यास दिसत नाहीं, आणि पाहुण्याच्या फ्लॅशनेंही तो फसतो. पुढें कॅमेरे प्रकाश मोजण्यासाठीं आधीं एक लहान झोत सोडूं लागले. भोळा डोळा त्यासच खरा इशारा समजून मोकळा होई.

रेडिओनें आडोसे ओलांडले, पण तो गर्दींत सांपडला. आजचे पुष्कळ ट्रिगर 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. वाय-फायची व ब्लूटूथचीही बोली तीच. ही लहर जेमतेम साडेबारा सेंटिमीटर लांब. माणसांच्या देहांतील पाणी ती शोषतें, आणि भिंतींवरून परतलेल्या लहरी कोठें कोठें एकमेकींस मारतात. सर्वांत बोधप्रद प्रकार 2009 मधील. पॉकेटविझार्डचे नवे ट्रिगर अमेरिकेंत 340 ते 354 मेगाहर्ट्झमध्यें चालत. कांहीं कॅनन फ्लॅशच्या अंतर्भागांतून त्याच पट्ट्यांत इतका कोलाहल निघे, कीं जवळच्या ग्राहकयंत्रास इशारा ऐकूं येईना. अखेर फ्लॅशला लहरी अडविणारा पायमोजा घालावा लागला! शत्रु बाहेर शोधावा, तों तो घरांतच निघाला.

म्हणून जाणते लोक दोष क्रमानें शोधतात. प्रथम बॅटरी बदलावी, मग चॅनेल, मग ग्राहकयंत्र वीतभर सरकवावें, तें फ्लॅशपासून थोडें दूर न्यावें. चित्राच्या कडेस काळा पट्टा आला, तर इशारा पोंचला पण उशिरा, असें समजून शटरचा वेग उतरवावा. आणि मुख्य म्हणजे चाचणी भरल्या सभेंत घ्यावी.

हें शेवटचें कलम वाचलें आणि मी थबकलों. त्याची चाचणी रिकाम्या सभागृहांत झाली होती. नंतर शेंकडों माणसें आलीं, प्रत्येकाच्या खिशांत फोन. "मघाशीं चालत होतें" ही सबब नव्हती. बहुधा ती त्या दोषाची अचूक साक्ष होती, आणि आयुष्यभर साक्षीपुरावे तपासावयास शिकविणाऱ्या मीं ती ऐकूनही घेतली नाहीं.

मीं त्यास घरीं बोलावून क्षमा मागितली. तो संकोचला. आतां आपण पिशवींत एक लांब तारही ठेवतों, एवढेंच त्यानें सांगितलें. गुरुजींचें चित्र त्यानें परत येणार नाहीं. माझें तें वाक्य मात्र मला परत घेतां आलें.