बंद दाराबाहेरची लीग

शेजारचे दुकान बुडाले, तर दुकानदाराला त्याचे दुःख होण्याचे सहसा कारण नसते. धंदेवाईक खेळाचा न्याय मात्र निराळा आहे. ज्या संघाचे सारे प्रतिस्पर्धी दिवाळखोरीत निघाले, त्याने खेळावे कोणाशी, आणि लोकांनी पैसे मोजून पाहावे ते काय? एकमेकांना हरवू पाहणाऱ्या संघांनी एकमेकांना जगवलेही पाहिजे, या जाणिवेतून ‘लीग’ ही संस्था जन्माला आली. सामन्यांचे वेळापत्रक आखणे, खेळाडूंचे करार पाळायला लावणे आणि संघासंघांतील तंटे मिटवणे ही तिची मुख्य कामे. अमेरिकेत बेसबॉलची ‘नॅशनल लीग’ १८७६ साली स्थापन झाली. १९०१ साली ‘अमेरिकन लीग’ बरोबरीच्या नात्याने तिच्या शेजारी उभी राहिली. या दोघी मिळून ‘मेजर लीग’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या.

या थोरल्या लीगमध्ये कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. तसा लेखी नियम मात्र कोठेच नव्हता. १८८४ साली मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू टोलेडोच्या संघातून वरच्या दर्जाचे बेसबॉल खेळला होता. परंतु १८८७ साली इंटरनॅशनल लीग या दुय्यम लीगच्या मालकांनी कृष्णवर्णीयांशी नवे करार करू नयेत असे ठरवले, आणि हळूहळू तोच सर्वत्र अलिखित संकेत झाला. लेखी नियम असता, तर त्यावर बोट ठेवून दाद मागता आली असती. या दाराला वाजवायला कडीदेखील नव्हती.

दाराबाहेर राहिलेल्यांनी खेळ सोडला नाही. त्यांचे संघ गावोगाव फिरत आणि जमेल त्याच्याशी सामने खेळत. पण मैदान दुसऱ्याचे, सामने ठरवणारे दलाल बहुधा गोरे, आणि मिळकतीचा मोठा वाटा त्यांच्याच खिशात, अशी स्थिती होती. ती पालटण्याचे ज्याने मनावर घेतले, तो अँड्र्यू फॉस्टर. ‘रूब’ या टोपणनावाने तो प्रसिद्ध होता. १८७९ साली टेक्सासमध्ये एका धर्मोपदेशकाच्या घरी त्याचा जन्म झाला. तरुणपणी तो नामांकित पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू होता. १९११ साली त्याने ‘शिकागो अमेरिकन जायंट्स’ हा संघ उभारला आणि त्याचा कारभार स्वतः पाहू लागला.

काळही अनुकूल होत होता. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दक्षिणेतील शेतमळे सोडून लक्षावधी कृष्णवर्णीय उत्तरेकडील कारखान्यांच्या शहरांत आले. १९१० साली शिकागोत त्यांची वस्ती सुमारे ४४ हजार होती. १९२० साली ती १ लाख ९ हजारांवर गेली. या लोकांच्या हाती रोख मजुरी होती आणि रविवारची दुपार मोकळी होती. प्रेक्षक तयार झाला होता; उणीव होती ती संघटनेची.

१९२० च्या फेब्रुवारीत कॅन्सस सिटीतील एका वायएमसीएच्या इमारतीत संघमालक एकत्र जमले आणि ‘नीग्रो नॅशनल लीग’ची स्थापना झाली. शिकागोचे दोन संघ, तसेच डेट्रॉइट, इंडियानापोलिस, कॅन्सस सिटी, सेंट लुई आणि डेटन यांचे संघ, शिवाय क्यूबन स्टार्स, असे आठ संघ तीत होते. २ मे रोजी इंडियानापोलिस येथे पहिला सामना झाला.

अध्यक्ष अर्थातच फॉस्टर. संघांचे बळ सारखे राहावे म्हणून तो खेळाडूंची वाटणी करी. ऑस्कर चार्ल्स्टनसारखा असामान्य खेळाडू आदल्या वर्षी त्याच्याच संघात होता. तो इंडियानापोलिसकडे गेला. एखाद्या संघाकडे पगाराला पैसे नसले, तर फॉस्टर स्वतःच्या पदरचे देई. परंतु अध्यक्ष, एका संघाचा मालक आणि साऱ्या सामन्यांची आखणी करणारा, या तिन्ही भूमिका एकाच माणसाकडे होत्या. त्यामुळे पक्षपाताच्या तक्रारी होत, आणि त्या सर्वस्वी निराधार होत्या असे म्हणता येत नाही. बहुतेक संघांना स्वतःचे मैदान नसल्याने सर्वांच्या वाट्याला सारखे सामने येत नसत. प्रवासात हॉटेले दारातूनच परत पाठवीत.

तरीही लीग चालली. १९२३ साली पूर्वेकडे दुसरी लीग निघाली आणि १९२४ साली दोघींच्या विजेत्यांत पहिली जागतिक मालिका झाली. ती कॅन्सस सिटी मोनार्क्सने जिंकली. मात्र १९२६ साली फॉस्टरचे मानसिक संतुलन बिघडले. त्याची रवानगी मनोरुग्णालयात झाली आणि १९३० च्या डिसेंबरात तेथेच तो वारला. एका माणसाच्या खांद्यावर पेललेली संस्था त्याच्यामागे फार दिवस टिकली नाही. महामंदीच्या तडाख्यात, १९३१ च्या हंगामानंतर, ती मोडली.

कल्पना मात्र मेली नाही. १९३३ साली त्याच नावाची नवी लीग पिट्सबर्गच्या गस ग्रीनलीने उभी केली. त्याचा पैसा आकड्यांच्या जुगारातला होता; बँकांची दारे बंद असलेल्या समाजात भांडवल पुष्कळदा अशाच वाटेने येते. त्याच वर्षी शिकागोत निवडक खेळाडूंचा पूर्व-पश्चिम सामना सुरू झाला. १९४३ साली त्याला पन्नास हजारांहून अधिक प्रेक्षक आले.

आणि मग दार उघडले. १९४५ साली ब्रुकलिन डॉजर्सचा व्यवस्थापक ब्रँच रिकी याने मोनार्क्सच्या जॅकी रॉबिन्सनशी करार केला. १५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन मेजर लीगच्या मैदानात उतरला. अमेरिकेच्या सामाजिक इतिहासातील तो मोठा दिवस होय. पण मोनार्क्सला रिकीने एक डॉलरही दिला नाही. या लीगना तो खऱ्या लीग मानतच नव्हता. न्यूअर्क ईगल्सच्या मालकीण एफा मॅन्ली यांनी याविरुद्ध आवाज उठवला. त्यांच्या लॅरी डोबीला क्लीव्हलंडने नेले, तेव्हा मॅन्लीबाईंनी १५ हजार डॉलर मिळवले. गोऱ्या संघाच्या तशाच खेळाडूला कितीतरी अधिक किंमत पडली असती, हे त्या जाणून होत्या.

प्रेक्षक खेळाडूंच्या मागोमाग गेले. १९४६ साली ईगल्सच्या सामन्यांना सुमारे १ लाख २० हजार लोक आले होते आणि त्या वर्षी संघाने जागतिक मालिकाही जिंकली होती. पुढच्याच वर्षी ही संख्या ५७ हजारांवर आली. १९४८ नंतर नीग्रो नॅशनल लीग संपली. थोरल्या लीगने खेळाडू घेतले, तेही हळूहळू; बोस्टन रेड सॉक्सला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू घ्यायला १९५९ साल उजाडले. पण त्या लीगमधील एकही संघ संघ म्हणून आत घेतला गेला नाही. मालक, व्यवस्थापक, हिशेबनीस, अशी जी माणसे पाव शतकाच्या खटपटीने तयार झाली होती, ती बहुतांशी बाहेरच राहिली.

२०२० च्या डिसेंबरात मेजर लीगने १९२० ते १९४८ मधील अशा सात लीगना आपल्या बरोबरीचा दर्जा दिला. २०२४ साली त्यांचे आकडेही अधिकृत नोंदींत आले आणि जोश गिब्सन ०.३७२ या सरासरीने सर्वकालीन फलंदाजांच्या यादीत पहिला ठरला. गिब्सन वारला तो जानेवारी १९४७ मध्ये, रॉबिन्सनच्या पहिल्या सामन्याच्या तीन महिने आधी.

बहिष्कारातून जन्मलेली संस्था बहिष्कार संपताच संपावी, हे वरवर स्वाभाविक दिसते. पण बहिष्कार संपवण्याचे दोन मार्ग असतात. एकात बाहेरच्यांतील निवडक गुणवंतांना आत बोलावले जाते. दुसऱ्यात बाहेरच्यांनी जे उभारले, त्यालाही मान आणि मोल दिले जाते. अमेरिकन बेसबॉलने पहिला मार्ग पत्करला. दुसऱ्याची आठवण त्याला झाली, तेव्हा फॉस्टरच्या लीगमधला एकही संघ उरला नव्हता.